आवणी, लावणी आणि लाल शाई

एके काळी लाल शाईचं एक पेन मला पंधरा दिवसही पुरत नसे. हरसूलच्या पंचक्रोशीतल्या एका माध्यमिक शाळेत मी मराठी शिकवतो. आठवी-नववीचे वर्ग, वर्गात चाळीस-पंचेचाळीस मुलं आणि महिन्याला प्रत्येकाचे दोन निबंध. रात्री जेवणं आटोपली की वह्यांचा गठ्ठा पुढ्यात ओढायचा आणि ऱ्हस्वाचं दीर्घ, दीर्घाचं ऱ्हस्व, 'न'चा 'ण' करत बसायचं. शेवटी शेरा : 'वर्णन कमी आहे', 'शुद्धलेखनाकडे लक्ष द्या'. आपण फार मोठं काम करतो आहोत, असं तेव्हा मनापासून वाटे. वह्या परत मिळाल्यावर मुलं त्यांचं काय करतात, हे मात्र मी कित्येक वर्षं पाहिलंच नव्हतं. एकदा मुद्दाम मागच्या बाकावर जाऊन बसलो. शेजारच्या मुलानं वही उघडली, खालचे गुण पाहिले आणि वही मिटली. माझ्या रात्रभराच्या मेहनतीवर त्याची नजर जेमतेम दोन सेकंद रेंगाळली असेल.

त्या दिवसापासून एक प्रश्न मनात घर करून बसला. दुरुस्ती मी केली. मग सुधारलं कोण? खरं सांगायचं तर मीच. ऱ्हस्व-दीर्घाचा सराव मलाच होत होता.

नाशिकहून गिरणारे मागे टाकून वाघेरा घाट ओलांडला की हरसूलचा मुलूख लागतो. तालुका त्र्यंबकेश्वर. बाजारपेठ हरसूलची आणि भोवती डोंगरांच्या कुशीत विखुरलेले पाडे. पावसाळ्यात कोसळणारा पाऊस आणि उन्हाळ्यात डोक्यावर हंडा, ही इथली नेहमीची कहाणी. वस्ती मुख्यतः कोकणा, वारली, महादेव कोळी समाजाची. आमच्या बहुतेक मुलांच्या घरी कोकणी बोलली जाते. गोव्याच्या कोकणीशी तिची गल्लत करू नये. ही कोकणा समाजाची बोली आहे आणि थेट गुजरातेतल्या डांगपर्यंत ती ऐकू येते. गणेश देवी यांच्या पुढाकारानं झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्राचा खंड अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली २०१३ साली निघाला, तेव्हा राज्यातल्या अशा कितीतरी बोलींची नीट दखल घेतली गेली. गुणपत्रिकेवर मात्र आमच्या मुलांच्या नावापुढे 'प्रथम भाषा : मराठी' असंच असतं. वस्तुतः पुस्तकातली मराठी ही त्यांची दुसरी भाषा आहे. शहरातलं मूल इंग्रजी लिहिताना जसं अडखळतं, तसंच आमचं मूल मराठी लिहिताना अडखळतं. फरक इतकाच, की शहरातल्या मुलाचं अडखळणं सगळ्यांना समजतं. आमच्या मुलाला 'कच्चा' म्हणतात.

निबंध बिघडला म्हणून काय मोठं बिघडलं, असं कुणी विचारील. इथं पुष्कळ बिघडतं. हा अनुसूचित क्षेत्राचा भाग. १९९६च्या पेसा कायद्यानं इथल्या ग्रामसभेला बळ दिलं, २००६च्या वनहक्क कायद्यानं कसत असलेल्या वनजमिनीवर दावा करण्याचा अधिकार दिला. पण ठराव लिहावा लागतो, दावा लिहावा लागतो, पुरावा कागदावर मांडावा लागतो. ज्याला दोन वाक्यं सरळ लिहिता येत नाहीत, तो बाजारात अर्ज लिहून देणाऱ्यापुढे उभा राहतो. तो लिहील ते आपलं म्हणणं! हक्क कायद्यानं मिळाला, तरी तो वापरायला वाक्य लागतं. म्हणून मला निबंधाच्या वहीची काळजी वाटते.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि वह्यांचे गठ्ठेही थांबले. ज्यांच्या घरी स्मार्टफोन होता ती मुलं रेंज शोधत टेकाडावर जात आणि वहीच्या पानाचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवत. मी त्या फोटोवर बोटानं लाल रेघा ओढून परत पाठवायचो. म्हणजे साधन बदललं, माझी खोड गेली नाही. शाळा पुन्हा भरू लागल्यावर एक जुना मित्र भेटला. तो पुण्यात महापालिकेच्या शाळेत शिकवतो. त्यानं सुचवलं, 'तुझी मुलं आणि माझी मुलं मिळून एकाच कागदावर लिहू दे की!' कागद कुठला? तर गूगल डॉक्सचा.

ज्यांनी हा प्रकार वापरलेला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हा कागद कुणा एकाच्या संगणकात नसतो; तो इंटरनेटवर असतो आणि ज्यांना परवानगी दिली आहे ते सगळे आपापल्या फोनवरून एकाच वेळी त्यावर लिहू शकतात. २००६ पासून ही सोय लोकांना मिळू लागली. तिच्यात तीन गोष्टी माझ्या कामाच्या निघाल्या. एक, एखाद्या वाक्याच्या बाजूला समासात प्रश्न टाकता येतो. दुसरी, दुसऱ्याचं वाक्य न खोडता बदल नुसता सुचवता येतो; तो स्वीकारायचा की नाकारायचा, हे लिहिणाऱ्यानं ठरवायचं. आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची : कागदाचा सगळा इतिहास जपला जातो. काल काय लिहिलं होतं, आज काय खोडलं, हे केव्हाही उलगडून पाहता येतं.

पहिल्या दिवशी अर्थातच गोंधळ झाला. शाळेतला एक संगणक आणि घरून आणलेले सात फोन. सगळ्यांनी एकाच ओळीवर झडप घातली. अक्षरं एकमेकांत घुसली, आणि कुणाचं तरी बोट लागून अख्खं पान कोरं झालं. वर्गात एकदम शांतता! जिनं सर्वांत जास्त लिहिलं होतं, ती मुलगी रडायच्या बेतात आली. मी इतिहास उघडला, पाच मिनिटांपूर्वीचं पान परत आणलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. एक जण म्हणाला, 'सर, म्हणजे यातलं खोडलेलं मरत नाही?' मला पुढं जे काही समजलं, त्याचं बीज त्या प्रश्नात होतं.

पहिला विषय ठेवला होता 'आमच्याकडचा पाऊस'. आठवीतल्या एका मुलीनं लिहिलं, 'पाऊस लागला की आमच्याकडे भाताची आवणी होते.' तिच्याच वर्गातल्या एका हुशार मुलानं तो शब्द पाहिला, त्याला तो चुकीचा वाटला, आणि त्यानं तिथं 'लावणी' केलं. पाठ्यपुस्तकात लावणीच असते, त्याचं काही चुकलं नव्हतं. कागद रात्री पुण्याला पोचला. सकाळी समासात एक प्रश्न उमटलेला होता : 'शेतात लावणी? मग ढोलकी कोण वाजवतं?'

वर्ग हसून हसून लोटपोट झाला. ती मुलगी मात्र हसली नाही. ती म्हणाली, 'मी आवणी लिहिलं होतं.' मी इतिहास उघडून दाखवला. होतंच. तिचा शब्द तिथं जसाच्या तसा होता, खाली कुणी, केव्हा बदलला त्याची नोंद होती. नाव अर्थात मुलाचं नव्हतं, त्याच्या थोरल्या भावाचं होतं, कारण फोन भावाचा. त्या मुलीनं आपला शब्द परत आणला आणि पुण्याच्या मुलांसाठी पुढं लिहिलं : आधी राब भाजायचा, मग बी फेकायचं, रोप वीतभर झालं की उपटून त्याच्या जुड्या बांधायच्या, आणि चिखल केलेल्या खाचरात वाकून वाकून ती रोपं खोचायची; हिला आवणी म्हणतात. दिवसभर वाकल्यावर आईची पाठ रात्री सरळ होत नाही, हेही तिनं लिहिलं. एका ओळीच्या जागी बारा ओळी झाल्या. 'वर्णन कमी आहे' हा शेरा मी वर्षानुवर्षं लिहीत आलो. वर्णन कशानं वाढतं, ते मला पुण्याच्या एका खोडकर मुलाच्या प्रश्नानं शिकवलं.

मी विचार करू लागलो, ही मुलगी माझ्यासाठी असं का लिहीत नव्हती? उत्तर सोपं होतं. मला आवणी माहीत आहे. मी माहीत असलेलंच तिला विचारत होतो आणि ते तिलाही माहीत होतं. ज्याला ठाऊक आहे त्याला सांगायचं म्हणजे परीक्षा; ज्याला ठाऊक नाही त्याला सांगायचं म्हणजे लेखन.

हा शोध माझा नाही, हे नंतर कळलं. फ्रान्सच्या दक्षिणेत बार-सूर-लू नावाच्या खेड्यात सेलेस्तँ फ्रेने नावाचा एक शिक्षक होता. पहिल्या महायुद्धात त्याच्या फुप्फुसाला इजा झाली होती. वर्गात फार वेळ बोलणं त्याला झेपत नसे. १९२४च्या सुमाराला त्यानं शाळेत हातानं चालवायचा छोटा छापखाना आणला. मुलं आपापल्या मनानं लिहीत, त्यातला एक मजकूर वर्ग निवडे, फळ्यावर सगळे मिळून तो सुधारत आणि मग तो छापत. ती छापील पानं दूर ब्रिटनीतल्या समुद्रकाठच्या एका शाळेला टपालानं जात आणि तिकडून त्या मुलांची पानं येत. डोंगरातल्या मुलांना समुद्र ठाऊक नव्हता, समुद्राकाठच्यांना डोंगर. त्यामुळे दोघांनाही सांगण्यासारखं पुष्कळ होतं. आमचा ऑनलाइन कागद आणि फ्रेनेचा छापखाना यांत शंभर वर्षांचं अंतर आहे, पण मुळातली गोष्ट एकच : लिहिणाऱ्या मुलाला खराखुरा वाचक मिळवून देणं.

गेल्या काही वर्षांत आम्ही हळूहळू काही नियम पाडले. दुसऱ्याचं वाक्य थेट खोडायचं नाही, सुचवायचं. समासात 'चूक' असा शब्द लिहायचा नाही. आपल्याला काय कळलं नाही, ते विचारायचं. शेवटचा शब्द ज्याचं लेखन त्याचा. आणि सर्वांत कठीण नियम माझ्यासाठी : पहिले तीन दिवस सरांनी काही लिहायचं नाही. तो पाळताना माझे हात अक्षरशः शिवशिवत. एकदा राहवलं नाही म्हणून 'नागली'चं 'नाचणी' केलं. दुसऱ्या दिवशी मुलांनी इतिहास उघडून मला भर वर्गात पकडलं. मी त्यांची माफी मागितली आणि नागली परत आणली. त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याच्या डोंगरांत पिकते ती नागलीच. नाचणी हा तिचा पुस्तकातला पत्ता.

याचा अर्थ प्रमाण मराठी शिकवायची नाही, असा कुणी घेऊ नये. ती यायलाच हवी. अर्ज त्याच भाषेत करावा लागतो. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम शासनानं १९६२ मध्ये मान्य केले, १९७२ मध्ये त्यांत आणखी चारांची भर पडली. ते अठरा नियम मी आजही शिकवतो. पण आता ते शेवटी येतात. मजकूर उभा राहिला, वाचकाचे प्रश्न संपले, की मग आम्ही सगळे मिळून ऱ्हस्व-दीर्घ पाहतो. भिंत उभी राहण्याआधी रंग लावण्यात काय हशील?

या सगळ्यात मला सर्वांत जास्त शिकवलं ते नववीतल्या एका मुलीनं. ऑक्टोबरमध्ये द्राक्षाच्या छाटण्या सुरू झाल्या की आमच्या भागातली कितीतरी कुटुंबं दिंडोरी, निफाडकडे बागांवर मजुरीला जातात. पटावर नाव राहतं, बाकावर मूल नसतं. ही मुलगीही गेली. पूर्वीचा अनुभव असा, की बागेवर गेलेलं मूल परत आलं तरी लेखनात दोन वर्षं मागं गेलेलं असे. नोव्हेंबरमधल्या एका रात्री नऊच्या सुमाराला मी सहज कागद उघडला, तर खाली अक्षरं उमटत होती. बापाच्या फोनवरून ती लिहीत होती. तीनच वाक्यं : 'आम्ही द्राक्षाला आलो. इथे खूप काम असते. मला शाळा आठवते.'

मी नियम पाळला, गप्प राहिलो. पुण्याहून प्रश्न आले. काम म्हणजे काय करतात? किती वाजता उठता? तूही करतेस का? दुसऱ्या रात्री उत्तर आलं. विरळणी कशी करतात, घड औषधाच्या पाण्यात कसे बुडवतात, त्याला डिपिंग म्हणतात, बायकांचे हात संध्याकाळी कसे होतात, हे तिनं लिहिलं. शेवटी होतं : 'मी काम करत नाही. मी धाकट्या भावाला बघते आणि भाकरी करते.' समासात पुण्यातल्या एका मुलानं लिहिलं, 'हे पण कामच आहे.' आणि थोड्या वेळानं खाली, 'मी पण बहिणीला बघतो, आई घरकामाला जाते तेव्हा.' दोन दिवस ती ओळ तशीच होती. मग त्या मुलीनं आपलं वाक्य स्वतःच बदललं : 'बागेतलं काम मी करत नाही. घरातलं करते.' शिक्षकाच्या नजरेनं पाहिलं तर ही फक्त एका वाक्याची दुरुस्ती आहे. पण त्या वाक्याआधी एक विचार दुरुस्त झाला होता, आणि तो तिनं आपल्या हातानं केला होता.

या साधनांचं मला कौतुक आहे, पण भाबडं नाही. रेंज गेली की वर्ग गेला. पावसाळ्यात दोन-दोन दिवस वीज नसते. फोनचा कीबोर्ड आपल्याला शहाणा समजतो; 'खुरासणी' लिहायला गेलं की भलतेच शब्द पुढे करतो. 'ऱ्या' लिहिताना मुलांचा जीव मेटाकुटीला येतो. २०१७ मध्ये गूगलनं मराठीत बोलून लिहिण्याची सोय आणली, तेव्हा मला वाटलं होतं, आता अडचण सुटली. पण यंत्राला पुस्तकी मराठी कळते. आमच्या मुलांच्या उच्चारातून ते तिसरंच काही काढतं. शिवाय ज्या घरात फोनच नाही, त्या मुलाचं काय? त्यांच्यासाठी आम्ही कागदाच्या चिठ्ठ्या वापरतो, आणि खरं सांगतो, काम अडत नाही. इटलीत बार्बियाना नावाच्या डोंगरातल्या खेड्यात लोरेन्झो मिलानी या पाद्र्याच्या शाळेतल्या आठ शेतकरी मुलांनी मिळून एका शिक्षिकेला लांबलचक पत्र लिहिलं. १९६७ साली त्याचं पुस्तक झालं. मराठीतही ते 'प्रिय बाई' म्हणून आलं आहे. गरिबांच्या मुलांना नापास करणाऱ्या शाळेवरचा तो खटलाच होता. ती मुलं प्रत्येक विचार वेगळ्या चिठ्ठीवर लिहीत, मग चिठ्ठ्या लावत, जुळवत, नको ते गाळत. संगणकाचा पत्ताही नव्हता. म्हणजे एकत्र लिहिणं जुनंच आहे. पडदा तेवढा नवा.

नवी चिंता वेगळीच आहे. २०२२च्या अखेरीला चॅटजीपीटी आलं आणि लिहून देणारी यंत्रं फोनात शिरली. मध्यंतरी एका मुलाचा 'माझे गाव' हा निबंध आला. एकही चूक नाही. गावात झुळझुळ नदी, हिरवीगार शेतं, प्रेमळ माणसं. नागली नाही, भवाड्याची सोंगं नाहीत, हंडा नाही. इतिहास उघडला तर सगळा मजकूर एका क्षणात अवतरलेला! मी रागावलो नाही. तो निबंध पुण्याच्या मुलांपुढे ठेवला. त्यांनी विचारलं, 'नदीचं नाव काय?' मुलगा गप्प. दुसऱ्या आठवड्यात त्यानं पुन्हा लिहिलं. सतरा चुकांचं, पण त्याच्या गावाचं. जे यंत्र मुलाला प्रश्न विचारायला माणूस मिळवून देतं, ते मला हवं आहे. जे यंत्र त्याच्या वतीनं उत्तर देतं, ते बाजारातल्या अर्ज लिहून देणाऱ्याचंच नवं रूप आहे.

मग एवढं करून सुधारलं काय? ऱ्हस्व-दीर्घ अजून चुकतात. पूर्वीपेक्षा थोडे कमी. पण मुलं दुसरा खर्डा करू लागली, हा मोठा बदल. पूर्वी लिहिलेलं म्हणजे संपलेलं असे. आता एखादी मुलगी आपलाच महिन्यापूर्वीचा मजकूर उलगडते आणि म्हणते, 'सर, मी असं लिहायचे?' आपली प्रगती तिला गुणांवाचून दिसते. खोडलेलं शिल्लक राहतं, म्हणून खोडायची भीती जाते; आणि खोडायची भीती गेली, की लिहायची भीती जाते.

गेल्या उन्हाळ्यात एका पाड्यावरचा हातपंप बंद पडला. तिथल्या पाच मुलांनी ग्रामपंचायतीला अर्ज लिहायचं ठरवलं. एकत्र कागद उघडला. पहिल्या खर्ड्यात होतं, 'आमच्याकडे पाण्याची खूप टंचाई आहे.' समासात पुण्याची सवय बोलली, पण या वेळी प्रश्न त्यांनी स्वतःच स्वतःला विचारले होते : खूप म्हणजे किती? पंप कधीपासून बंद? विहीर किती लांब? मग आकडे आले. घरं किती, बंद पडल्याची तारीख, विहिरीपर्यंतची पावलं एका मुलीनं खरोखर मोजून आणली होती. सहाव्या खर्ड्यानंतर त्यांनी तो स्वच्छ अक्षरात कागदावर उतरवला, मोठ्यांच्या सह्या आणि अंगठे घेतले आणि नेऊन दिला. पोच म्हणून शिक्का मारलेली प्रत मला आणून दाखवली. पंप दुरुस्त व्हायला पावसाळा उजाडला, ते वेगळं.

ती प्रत मी वाचली. त्यात दोन ऱ्हस्व-दीर्घ चुकले होते. हात खिशाकडे गेला, पण लाल पेन खिशात नव्हतं. बरंच झालं. त्या अर्जावर माझ्या हाताची एकही खूण नाही, आणि माझ्या नोकरीतलं इतकं चांगलं मराठी मी दुसरं वाचलेलं नाही.